लाल वॉर्निंग आली की आधी ती वाचा: ऑफिसातली प्रायव्हेट सीए आणि तुमचे प्रश्न

ऑफिसातल्या आतल्या सर्व्हरांसाठी स्वतःची सीए, म्हणजे सर्टिफिकेटवर (सर्व्हरच्या ओळखपत्रावर) सही करणारी आपलीच घरची अथॉरिटी, कशी उभी करायची हे मी मागे लिहिलं होतं. तेव्हापासून येणाऱ्या मेलमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकच, "सगळं बरोबर केलंय तरी चालत नाही". त्यातले काही प्रश्न आज घेतोय. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजीतच करायची.

सुरुवातीलाच एक सांगतो. ब्राउझर किंवा कुठलाही क्लायंट सर्टिफिकेट बघतो तेव्हा मुख्य तीनच गोष्टी विचारतो: नाव कुणाचं, सही कुणाची, तारीख कधीची. एररमध्ये यातला कुठला प्रश्न अडलाय ते लिहिलेलं असतं. ते न वाचता सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा बनवत बसणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

प्रश्न: वेर्ण्याच्या एका फॅक्टरीत आयटी बघतो. आमच्या ईआरपीसाठी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्टिफिकेट बनवलं, कॉमन नेममध्ये (सर्टिफिकेटातला नावाचा जुना रकाना) होस्टचं नाव अगदी बरोबर टाकलंय, तरी क्रोम म्हणतो कॉमन नेम इनव्हॅलिड. मग कुठेतरी वाचून रिक्वेस्टमध्ये (सहीसाठी सीएला द्यायची मागणीची फाइल) सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम पण घातलं, पुन्हा सही केली, तरी तेच. तीन दिवस झाले.

तुमच्या तीन दिवसांची मला पूर्ण कल्पना आहे, कारण हा खड्डा असा आहे की त्यात प्रत्येकजण एकदा पडतोच आणि यात तुमची चूक थोडी, टूलची जास्त.

पहिली गोष्ट, त्या एररचं नावच दिशाभूल करतं. क्रोम कॉमन नेम बघतच नाही. २००० सालच्या आरएफसी २८१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातच कॉमन नेमवर विसंबू नका असं म्हटलं होतं, आणि एप्रिल २०१७ मध्ये आलेल्या क्रोम ५८ पासून त्यांनी ते बघणं बंदच केलं. नाव बघतात ते फक्त सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेममध्ये, ज्याला आपण सॅन म्हणतो. आपल्याकडे जमिनीचा एक-चौदाचा उतारा असतो ना, तसं समजा. सगळ्या वाड्याला माहीत असतं की ही बाग अमक्याची आहे, पण उताऱ्यावर त्याचं नाव लागलेलं नसेल तर कचेरीत त्याचं काही चालत नाही. सॅन म्हणजे तो उतारा, आणि कॉमन नेम म्हणजे वाड्यातली बोलाचाली.

आता दुसरी गोष्ट, तुमचा खरा घोळ इथे आहे. तुम्ही सॅन रिक्वेस्टमध्ये घातलं हे बरोबर, पण सही केलीत ती बहुतेक ओपनएसएसएल या सर्टिफिकेटच्या टूलच्या एक्स-५०९ कमांडने, डॅश रेक लावून. ही कमांड रिक्वेस्टमधली एक्स्टेन्शन्स (सॅनसारखे जोडलेले रकाने) सर्टिफिकेटमध्ये घेतच नाही, गुपचूप टाकून देते, ना एरर ना वॉर्निंग, सही झाली म्हणून सांगते आणि मोकळी होते. म्हणून रिक्वेस्ट उघडून बघितली तर सॅन दिसतं आणि सर्टिफिकेट उघडलं तर नाही. ओपनएसएसएल ३.० पासून डॅश कॉपी-एक्स्टेन्शन्स हा पर्याय आलाय, त्याला कॉपी असं सांगितलं की ती जातात. व्हर्जन जुनं असेल तर सॅन एका वेगळ्या छोट्या फाइलीत लिहा आणि सही करताना डॅश एक्स्टफाइलने ती फाइल द्या. मी स्वतः अजूनही फाइलवालाच मार्ग वापरतो, कारण मग सर्टिफिकेटात काय जाणार हे सही करणारा ठरवतो, मागणारा नाही, आणि ते तसंच असायला हवं.

सही झाली की लगेच एक्स-५०९ कमांड डॅश टेक्स्ट लावून सर्टिफिकेट उघडा आणि सॅन डोळ्यांनी बघा. ही सवय एवढी लावून घ्या की हात आपोआप तिकडे जायला पाहिजे.

अजून दोन-तीन गोष्टी याच नावाच्या प्रश्नातल्या. लोक ब्राउझरमध्ये नुसतं "ईआरपी" टाइप करत असतील तर ते छोटं नावसुद्धा सॅनमध्ये हवं, कारण टाइप केलेलं नाव आणि सॅनमधलं नाव यांची जुळणी होते, डीएनएसने (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) पुढे ते कुठे नेलं याच्याशी काही देणंघेणं नाही. आयपीने उघडत असतील तर आयपी पत्ता सॅनमध्ये आयपी या प्रकाराखाली लिहायचा, डीएनएस या प्रकाराखाली लिहिला तर ब्राउझरला तो चालत नाही. आणि स्टारवालं वाइल्डकार्ड एकाच पायरीपुरतं चालतं, स्टार डॉट फॅक्टरी डॉट इंटर्नल असेल तर ईआरपी डॉट फॅक्टरी डॉट इंटर्नल चालेल पण टेस्ट डॉट ईआरपी डॉट फॅक्टरी डॉट इंटर्नल नाही.

आतल्या नावांसाठी डॉट लोकल मात्र टाळा, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (आतल्या नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना नावाने शोधतात ती पद्धत) राखलेलं आहे आणि प्रिंटर-मॅक वगैरेंशी गोंधळ होतो. डॉट इंटर्नल हे आयकॅन या इंटरनेटच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये अशा खाजगी वापरासाठीच राखून ठेवलंय, ते घ्या.

प्रश्न: फोंड्याला कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. रूट सर्टिफिकेट (सीएचं स्वतःचं, सगळ्यात वरचं) सगळ्या मशीनवर घातलं. क्रोममध्ये हिरवंगार, पण उबुंटूवर फायरफॉक्स नाही म्हणतो, पायथनची स्क्रिप्ट नाही म्हणते आणि जावाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे ते तर लांबलचक एरर फेकतं. एकाच मशीनवर असं कसं?

कारण "मशीनवर घातलं" असं काही नसतंच. विश्वास कुणावर ठेवायचा याची यादी प्रत्येकाने आपापली ठेवलीय. एका घरात चार चुली असाव्यात तसं.

लिनक्सवर सिस्टिमची यादी वेगळी आणि फायरफॉक्सची वेगळी. विंडोज आणि मॅकवर फायरफॉक्स १२० पासून सिस्टिममध्ये आपण घातलेलं रूट आपोआप मानतो, उबुंटूवर तसं होत नाही, तिथे फायरफॉक्सच्या सेटिंगमधून ते इम्पोर्ट करावं लागतं, किंवा लॅब मोठी असेल तर पॉलिसी फाइलीने सगळीकडे एकदम ढकलता येतं. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधली यादी वापरते, सिस्टिमची नाही, तिला रिक्वेस्ट्स सीए बंडल या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सिस्टिमच्या बंडलचा रस्ता दाखवायचा. नोडला (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स हे व्हेरिएबल आहे. जावाची यादी सीएसर्ट्स नावाच्या फाइलीत असते, तिच्यात कीटूलने घालायचं, पासवर्ड कुणी बदलला नसेल तर "चेंजइट" हाच असतो. तुमची ती लांबलचक एरर बहुतेक "पिकिक्स पाथ बिल्डिंग फेल्ड" असेल, तिचा सरळ अर्थ इतकाच की सही करणारा माझ्या यादीत सापडला नाही. आणि जावा नव्याने टाकलंत की नवी सीएसर्ट्स येते, तुमचं रूट जुन्याच फाइलीत राहतं, त्यामुळे "काल चालत होतं, अपडेटनंतर बंद" अशी तक्रार आली की पहिली शंका तिथे घ्या. डॉकर कंटेनरचंही (मशीनच्या आत वेगळा चालणारा सॉफ्टवेअरचा डबा) हेच, बाहेरच्या मशीनवर रूट असलं तरी आत त्याची स्वतःची यादी.

उबुंटूवर अजून एक बारकावा आहे ज्याने माझी एक अख्खी दुपार खाल्लीय. यूएसआर, लोकल, शेअर, त्याच्या आत सीए-सर्टिफिकेट्स या फोल्डरमध्ये फाइल ठेवून अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवायचं, एवढंच काम, पण फाइलीचं नाव डॉट सीआरटीनेच संपलं पाहिजे. डॉट पेम असेल तर ती तिच्याकडे बघतही नाही, आणि शेवटी शांतपणे "झिरो अ‍ॅडेड" लिहून येतं. तो शून्याचा आकडा बघायचा. आतला मजकूर मात्र पेम प्रकारचाच (साध्या अक्षरांत लिहिलेला) हवा, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. विंडोजवर इम्पोर्ट करताना विझार्डला "तूच जागा निवड" असं सांगू नका, ट्रस्टेड रूटवालं स्टोअर हाताने निवडा.

अँड्रॉइडबद्दल पण दोघा-तिघांनी विचारलंय. क्रोममध्ये साइट उघडते पण ऑफिसच्या अ‍ॅपमध्ये नाही, याचं कारण २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप्स युजरने घातलेली रूट आपोआप मानत नाहीत. अ‍ॅप बनवणाऱ्याला नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये ते लिहावं लागतं. फोनवर कितीही वेळा रूट घातलंत तरी उपयोग नाही.

प्रश्न: म्हापशाहून लिहितेय, छोट्या पतसंस्थेचं काम बघते. माझ्या लॅपटॉपवर पोर्टल उघडतं, बाकी कुणाच्याच पीसीवर नाही. रूट सगळीकडे एकच घातलंय, तपासून बघितलं.

इंटरमिजिएट, म्हणजे रूट आणि सर्व्हर यांच्यामधलं सर्टिफिकेट, राहिलंय, मी जवळजवळ पैजेवर सांगतो.

तुम्ही दोन पायऱ्यांची सीए केली असणार, रूटने इंटरमिजिएटवर सही केली आणि इंटरमिजिएटने सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर. हे चांगलंच केलंत. पण बाकीच्या पीसींकडे फक्त रूट आहे, मधला दुवा त्यांना कुणी दिलाच नाही, तो द्यायचं काम सर्व्हरचं. तुमच्या लॅपटॉपवर तो सेटअपच्या वेळी कधीतरी इन्स्टॉल झाला असेल, म्हणून फक्त तुमच्याकडे चालतं, आणि म्हणूनच सेटअप करणाऱ्याच्या मशीनवर टेस्ट केली तर ती टेस्ट मी धरतच नाही.

एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सर्टिफिकेटच्या फाइलीत आधी सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि त्याच्या खाली इंटरमिजिएट, याच क्रमाने, एकाखाली एक चिकटवायचं. क्रम उलटा झाला तर एन्जिनएक्स पहिल्या सर्टिफिकेटशी प्रायव्हेट की (त्याची गुप्त किल्ली) जुळवून बघतो आणि "की व्हॅल्यूज मिसमॅच" म्हणून चालूच होत नाही. रूट त्यात घालायची गरज नाही. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या २.४.८ व्हर्जनपासून तिथेही एकाच फाइलीत सगळं चालतं. मग रीलोड करा, नुसती फाइल बदलून काही होत नाही, सर्व्हर जुनंच सर्टिफिकेट मेमरीत धरून बसलेला असतो. आणि तपासायला ओपनएसएसएलचं एस-क्लायंट, डॅश शोसर्ट्स आणि डॅश सर्व्हरनेम लावून, रूटची फाइल डॅश सीएफाइलने देऊन, दुसऱ्याच एखाद्या मशीनवरून चालवा. शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड येतो, शून्य म्हणजे ठीक, २१ म्हणजे मधला दुवा गायब.

प्रश्न: कळंगुटला आमचं गेस्टहाउस आहे, स्टाफच्या आतल्या बुकिंग सिस्टिमला पुतण्याने १० वर्षांचं सर्टिफिकेट करून दिलं म्हणजे पुन्हा कटकट नको. सगळ्यांकडे चालतं, आयफोनवर नाही.

अ‍ॅपलने १ जुलै २०१९ नंतरच्या सर्व्हर सर्टिफिकेटला ८२५ दिवसांची मर्यादा घातलीय आणि ती आपल्या घरच्या सीएलाही लागू आहे. रूट १० वर्षांचं चालेल, सर्व्हरचं नाही. पुतण्याला एका वर्षाचं करायला सांगा, आणि त्यात एक्स्टेंडेड की युसेजमध्ये सर्व्हर ऑथ आहे ना ते बघायला सांगा, अ‍ॅपलला तेही लागतं. शिवाय आयफोनवर रूटचं प्रोफाइल इन्स्टॉल करून भागत नाही, सेटिंग, जनरल, अबाउट, आणि तिथे अगदी तळाशी सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग, तिथलं बटण चालू करावं लागतं.

सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवस असा नियम येतोय त्याचं काय, असंही तुम्ही विचारलंय. तो मार्च २०२९ पासून, आणि ब्राउझरमध्ये आधीपासून असलेल्या पब्लिक सीएंना. तुम्हाला नाही.

प्रश्न: सांग्याला बागायतीत पंपांवर लक्ष ठेवायला रास्पबेरी पाय (छोटे कॉम्प्युटर) लावलेत, ते घरच्या सर्व्हरला टीएलएसने (एन्क्रिप्टेड जोडणीने) डेटा पाठवतात. रात्री वीज गेली की सकाळी "सर्टिफिकेट नॉट येट व्हॅलिड". दुपारपर्यंत कधी आपोआप सुरू होतं, कधी नाही.

इथे तिसरा प्रश्न अडलाय, तारखेचा, आणि सर्टिफिकेट निर्दोष आहे. पायच्या मॉडेल ४ पर्यंतच्या बोर्डांवर घड्याळ चालू ठेवणारी चिपच नाही, पाय ५ वर ती आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज गेली की पाय वेळ विसरतो, उठल्यावर शेवटची आठवलेली वेळ धरतो, आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत त्याच जुन्या तारखेत जगतो. पावसाळ्यात वीज आली तरी नेट तासभर उशिरा येतं, मध्ये लाइन तुटते, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुम्ही सर्टिफिकेट नुकतंच बदललेलं असेल आणि पायची वेळ त्याच्या आधीची असेल तर त्याच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नाही.

उपाय स्वस्त आहे, आरटीसीचं, म्हणजे वीज गेली तरी चालणाऱ्या घड्याळाचं, छोटं मॉड्यूल नाण्यासारख्या बॅटरीसकट लावा. त्याबरोबर, तुमचा सर्व्हर त्याच लॅनवर असेल तर त्यालाच टाइम सर्व्हर करा म्हणजे बाहेरचं नेट नसलं तरी वेळ मिळेल. आणि डेटा पाठवणारी सर्व्हिस टाइम-सिंक झाल्यावरच सुरू व्हावी असं सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) लिहा.

याचाच एक चुलतभाऊ, कारण पर्वरीहून दुसऱ्या एकांनी जवळपास हेच लिहिलंय, की नवीन सर्टिफिकेट सकाळी लावलं तर दुपारनंतरच चालायला लागतं. त्यांना मी विचारलं की सीएचं मशीन विंडोज-लिनक्स ड्युअल बूट आहे का, तर हो. सर्टिफिकेटातली वेळ नेहमी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतो, लिनक्स तीच यूटीसी समजतो, आणि सीए बरोबर साडेपाच तास पुढे पळते. मग साडेपाच तासांनी बाकीचं जग तिच्यापर्यंत पोचतं आणि सर्टिफिकेट "सुरू होतं". लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएलने ते घड्याळ लोकल वेळेचं आहे असं सांगितलं की मिटलं, पण खरं तर सीए रोजच्या वापराच्या ड्युअल बूट मशीनवर असूच नये.

प्रश्न: एसएसएचसाठी (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पद्धत) होस्ट सर्टिफिकेट केली, ८० व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आहेत, प्रत्येक वेळी तो या मशीनवर विश्वास ठेवू का असं यस-नो विचारतो त्याला कंटाळून. सही झाली, सर्व्हरवर टाकली, तरी विचारतोच.

विचारतोय याचं तुम्हाला वाईट वाटतंय, मला बरं वाटतं, कारण बहुतेक ठिकाणी लोक कॉन्फिगमध्ये तपासणीच बंद करून टाकतात.

एसएसएचची सर्टिफिकेट आणि वेबची सर्टिफिकेट यांचा काही संबंध नाही हे आधी ध्यानात घ्या. ओपनएसएसएचमध्ये ती २०१० पासून, ५.४ व्हर्जनपासून आहेत, त्यांची रचना वेगळी, त्यात इंटरमिजिएट वगैरे साखळी नसते, सीए थेट सही करते.

आता तपासायचं कसं तर एसएसएच डॅश व्ही लावून जोडा आणि "सर्व्हर होस्ट सर्टिफिकेट" अशी ओळ येते का बघा. आली नाही तर सर्व्हर सर्टिफिकेट दाखवतच नाहीये, म्हणजे एसएसएचडी कॉन्फिगमध्ये होस्टसर्टिफिकेटची ओळ नाही, किंवा रीलोड केलं नाही, किंवा सही एका कीवर केलीत आणि सर्व्हर चालवतोय दुसरी, एकावर ईडी २५५१९ आणि दुसऱ्यावर आरएसए असं होतं. ओळ आली पण पुढे "नो मॅचिंग सीए फाउंड" आलं तर गडबड तुमच्या लॅपटॉपवरच्या नोन-होस्ट्समध्ये (ओळखीच्या सर्व्हरांची फाइल), तिथे अ‍ॅट सर्ट-अथॉरिटीने सुरू होणारी ओळ हवी आणि तिच्यातला पॅटर्न तुम्ही ज्या नावाने जोडता त्याला लागू पडायला हवा. पॅटर्न स्टार डॉट कंपनी डॉट इंटर्नल आणि जोडताय आयपीने, तर कसा सापडणार?

याशिवाय दोन चुका सहीच्या वेळच्या. एसएसएच-कीजेनला डॅश एच दिला नाही तर ते युजरचं सर्टिफिकेट बनतं, होस्टचं नाही. आणि डॅश एनमध्ये ज्या नावांनी लोक जोडतात ती सगळी नावं हवीत. एसएसएच-कीजेन डॅश मोठा एल लावून फाइल उघडली की प्रकार, नावं आणि मुदत तिन्ही दिसतात, म्हणजे पुन्हा तेच, उतारा काढून बघायचा. हे सगळं झालं की नोन-होस्ट्समधल्या त्या होस्टांच्या जुन्या ओळी काढून टाका.

प्रश्न: मडगावात अकाउंट्सचं ऑफिस आहे. कर्लला (कमांडने डेटा आणणारं टूल) डॅश के लावला, पायथनमध्ये व्हेरिफाय फॉल्स केलं, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणीच बंद केली, सगळं सुरळीत चाललंय. आतलंच नेटवर्क आहे, बाहेरचा कोण येणार? यात खरंच काही वाईट आहे का?

आहे, आणि तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

डॅश के लावल्यावर डेटा एन्क्रिप्ट होतोच, पण कुणाकडे जातोय हे कुणी बघत नाही. कुलूप मजबूत आहे आणि दार कुणाच्या घराचं आहे ते माहीत नाही. तुमच्या ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड किती जणांकडे आहे ते मोजा: स्टाफ, सोडून गेलेला स्टाफ, ऑडिटला आलेली मुलं, प्रिंटर दुरुस्त करायला आलेला माणूस. त्यातल्या कुणाच्याही लॅपटॉपवर काही भलतं बसलेलं असलं तर तो लॅपटॉप मध्ये उभा राहून स्वतःला तुमचा सर्व्हर म्हणवू शकतो आणि तुमची स्क्रिप्ट त्याला पासवर्ड देऊन मोकळी होईल. क्लायंटांचे पॅन आणि बँकेचे तपशील तुमच्याकडे आहेत.

दुसरं म्हणजे, तात्पुरतं म्हणून बंद केलेली तपासणी पुन्हा चालू झालेली मी माझ्या २० वर्षांच्या कामात क्वचितच बघितलीय. ती ओळ एका स्क्रिप्टमधून दुसरीत कॉपी होत जाते. पायथनसाठी वर सांगितलेलं रिक्वेस्ट्स सीए बंडल हे व्हेरिएबल लावायला ५ मिनिटं लागतात, आजच लावा. आणि स्टाफला लाल वॉर्निंगवर "अ‍ॅडव्हान्स्ड, प्रोसीड" दाबायला शिकवू नका, कारण तीच माणसं संध्याकाळी घरी जाऊन बँकेची साइट उघडतात.

प्रश्न: डिचोलीहून. रूटची प्रायव्हेट की कुठे ठेवावी? सध्या त्याच वेब सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये आहे.

आज संध्याकाळी तिथून हलवा. ती की ज्याच्या हाती गेली तो तुमच्या ऑफिसातल्या प्रत्येक मशीनसमोर कुठलीही साइट असल्याची बतावणी करू शकतो, फक्त तुमच्या पोर्टलची नाही, बँकेचीसुद्धा, कारण तुम्हीच सगळ्या पीसींना सांगितलंय की या सहीवर विश्वास ठेवा. म्हणून पुढच्या वेळी रूट बनवाल तेव्हा त्यात नेम कन्स्ट्रेंट्स घाला, की ही सीए फक्त अमुक डॉट इंटर्नल याच नावांवर सही करू शकते.

रूटची की पासफ्रेज घालून दोन पेनड्राइव्हवर, एक ऑफिसच्या तिजोरीत आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. आपल्याकडच्या दमट हवेत पेनड्राइव्ह उघडा ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि दरवर्षी पावसाळा संपला की दोन्ही वाचून बघा. पासफ्रेज दोन माणसांना माहीत हवी. रोजच्या सह्या इंटरमिजिएटने करा, तीही वेगळ्या मशीनवर. स्टेप-सीएसारखं सीए चालवणारं सॉफ्टवेअर बसवलंत तर एसीएमईने (सर्टिफिकेट आपोआप मागून घ्यायची पद्धत) सर्व्हर आपापली सर्टिफिकेट स्वतः बदलत राहतात आणि मुदत छोटी ठेवता येते.

हाताने करणार असाल तर मुदत संपायची तारीख कॅलेंडर बघून ठरवा. एका ऑफिसात मी लावलेलं सर्टिफिकेट ऐन चवथीच्या दिवशी संपलं होतं. सगळे गावाला, पासफ्रेज माहीत असलेला दुसरा माणूस पेडण्याला घरी गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी बांधत होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो येईपर्यंत तिथलं काम बंद होतं. चूक माझी होती, मी वर्ष मोजलं आणि सण मोजले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक सर्टिफिकेट फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी संपेल असं बनवतो, आणि ३० दिवस आधी, १५ दिवस आधी आणि ७ दिवस आधी मेल येईल अशी छोटी स्क्रिप्ट ठेवतो, तो मेल एकाला नाही, तिघांना जातो.